चाळीसचा काटा

"दूध सांडलं की सोयरीक मोडली," आप्पा म्हणाले आणि काठोकाठ भरलेला तांब्या त्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये, इंजिनच्या झाकणावर चुंबळ ठेवून तिच्यात नीट बसवला. "आन् काटा चाळीसच्या वर गेला तरी मोडली. कबूल हाय न्हवं, पाव्हणं?"

"कबूल, मामा," सर्जेराव म्हणाला.

"मग बसा स्टेरिंगवर. शालन, तू बी चढ."

"मी?"

मी दारातच थिजले. पाहुणे येतात, मुलगी खाली मान घालून पोह्यांची बशी पुढं करते, एवढंच आमच्या वाडीला ठाऊक. होऊ घातलेल्या नवऱ्याच्या ट्रकात बसून मुलीनं फलटणला जाऊन यायचं, हे कुणाच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. समोरच्या घरची आत्ती तर शेण लावायचं सोडून तशीच बघत उभी राहिली.

"तूच. जिला जल्मभर ह्या गाडीची वाट बघायची तिनं एकदा आत बसून बघावं. तुझ्या आईनं माझ्या टँकरची वाट बघण्यात हयात घालवली, पर आत पाय ठिवला न्हाई कधी. चढ."

आई उंबऱ्यात होती. तिनं फडक्यात बांधलेली भाकरी माझ्या हातात दिली आणि ट्रककडं अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, हिला आता रडू येतंय. रडू बिडू काही नव्हतं, ते मला संध्याकाळी कळलं.

आमचे आप्पा म्हणजे हणमंत निकम. उभी हयात दूध संघाच्या टँकरवर गेली. एकदाही कुठं खरचटलं नाही म्हणून संघानं त्यांना एक पितळी बिल्ला दिला होता. तो बिल्ला आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी असायचा आणि रोज त्यालाही हळदकुंकू लागायचं. आप्पांचा एकच धर्म होता, काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. "आत दूध हाय, दगूड न्हाई," म्हणायचे. रिटायर झाल्यावर टँकर सुटला, काटा काही सुटला नाही. कुणाच्याही गाडीत बसले की ड्रायव्हरच्या खांद्यावरनं मीटर बघत. माझ्या मामाच्या लग्नाला जाताना काटा पन्नासवर दिसला म्हणून हा माणूस जीप थांबवून खाली उतरला आणि पुढं चालत गेला. पोचला तेव्हा अक्षता पडून पंगती उठल्या होत्या. "पर धड पोचलो का न्हाई?" हे वर. आई त्यांच्याशी महिनाभर बोलली नव्हती.

अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीला ट्रक ड्रायव्हर पसंत पडावा, याला काय म्हणायचं? सर्जेराव घाडगे शेजारच्याच गावचा. स्वतःचा ट्रक, कांद्याच्या खेपा मारायचा. मी गिरणीवर दळण घेऊन गेले की तो नेमका तिथंच ट्रक थांबवून रेडिएटरात पाणी भरायचा. त्या उन्हाळ्यात त्या ट्रकनं जेवढं पाणी ढोसलं तेवढं आमच्या दोन म्हशींनी मिळून ढोसलं नसेल. मला तो आवडायचा. सांगायला मी तेव्हा लाजले नाही, आता म्हातारपणी काय लाजू?

त्याच्या मामानं रीतसर सोयरीक घातली. आप्पांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. "पोराची गाडी बघतो, मग बोलतो," म्हणाले. आणि दिवस कुठला ठरवला, तर ज्या दिवशी चार वाजता फलटणचं दुसरं स्थळ मला बघायला यायचं होतं तोच. तो मुलगा साखर कारखान्यात टाईमकीपर होता, रणवरे आडनावाचा. आप्पांचा हिशोब सरळ होता. सकाळी सर्जेरावानं आम्हाला फलटणच्या चौकापर्यंत न्यायचं, चहा पिऊन परत आणायचं. दूध सांडलं नाही आणि काटा चाळीसच्या आत राहिला, तर फलटणकरांना पोहे खायला घालून हात जोडायचे. नाही तर त्यांच्याच हातात सुपारी द्यायची. म्हणजे माझा सगळा जन्म त्या तांब्यात आणि त्या काट्यात अडकलेला.

आणि त्यात घोळ होता टायरचा.

झालं असं की आठच दिवस आधी गिरणीवर सर्जेराव मोठ्या तोऱ्यात मला म्हणाला होता, "गाडी बघितलीस का? मोठ्या मापाचे टायर टाकलेत. वीतभर उंच झाली."

"बरं मग?"

"मग काय! चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पळती. मीटर बिचारा नुसत्या फेऱ्याच मोजतोय. त्याला कुठं ठावं, चाक बदललंय! तो दाखवतोय चाळीस आन् गाडी असती पन्नासाजवळ." आणि दात काढून हसला.

याला हसू येत होतं! आप्पा रस्त्याकडंच्या झाडांवरनं गाडीचा वेग सांगायचे. मीटरवर चाळीस आणि झाडं पळतात पन्नासनं, हे त्यांना पहिल्या मैलातच कळलं असतं. पोरगं मीटरात लबाडी करतंय म्हणून त्याला जागच्या जागी उतरवलं असतं. ट्रक त्याचाच असला तरी!

म्हणून मी दहिवडीला इलाहीचाचांकडं गेले. स्टँडमागं त्यांची शेड होती. मीटर, केबल आणि नंबरप्लेट, तिन्ही कामं करायचे. आप्पांचा टँकर त्यांच्याच हाताखालून गेलेला, त्यामुळं आमच्या घरातलेच. सर्जेरावाचा ट्रकही तिथंच उभा होता, मागच्या फळीवर मोर काढायला दिलेला.

"चाचा, ह्या ट्रकचा मीटर कमी दाखवतोय. तेवढा बरोबर करा. पण कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. सर्जेरावालाही नाही. माझ्या गळ्याची शपथ."

चाचांनी माझ्याकडं बघितलं, ट्रककडं बघितलं. तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"शप्पत घातलीस का?"

"घातली."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी डबीतला बारीक पेचकस काढला. मीटरच्या पोटात केसाएवढी एक स्प्रिंग असते. ती जरा सैल केली की काटा तेवढा वर चढतो. माझ्यासमोर त्यांनी ती सैल केली. मी सुखानं घरी आले आणि भरपूर झोपले.

तर निघाला आमचा ट्रक. स्टेरिंगवर सर्जेराव, डावीकडं खिडकीशी आप्पा, त्यांच्या शेजारी मी आणि मध्ये झाकणावर दूध. वाडीची वेस ओलांडली. सर्जेरावानं हळूहळू काटा वर नेला. तीस, पस्तीस, चाळीसच्या एक केस खाली. तिथं त्यानं पाय धरला आणि आप्पांनी नजर धरली.

थोडं पुढं गेल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. रस्त्याकडंचं बाभळीचं झाड खिडकीत आलं आणि जाईचना. मी त्याच्या शेंगा बघितल्या, शेंगांवरचे मुंगळे बघितले. तेवढ्यात मागनं एक लूना आली आणि पुढं गेली. लूनावर नवराबायको, मध्ये पोरगं, पुढं सिलिंडर.

"लई जोरात हाणतोय," आप्पा म्हणाले. "पोरगं हाय की मधी!"

"व्हय ना," सर्जेराव म्हणाला.

मी काट्याकडं बघितलं. चाळीस. मग ट्रॅक्टर पुढं गेला, मागं कडब्याची ट्रॉली. वरच्या कडब्यावर एक माणूस आडवा झोपलेला. झोपेतच तो आमच्या पुढं गेला.

मला कळून चुकलं, की चाचांनी स्प्रिंग जास्तच सैल केली. मीटर चाळीस दाखवतोय आणि गाडी विसानं चालली आहे, आणि हे सगळं माझ्यामुळं! आता सांगावं तर मीटरला हात लावला म्हणून आप्पा तिथंच परीक्षा मोडणार. न सांगावं, तर या वेगानं आज आम्ही फलटण तरी बघतो का?

"वारं लागतंय बाई," मी म्हणाले आणि आप्पांच्या पुढ्यातनं हात घालून काच निम्मी वर केली.

"लागणारच," आप्पा म्हणाले. "चाळीस म्हंजी काय कमी झालं?"

"गाडी तापलीया, पळतीय बी झकास," सर्जेराव म्हणाला आणि रुमालानं कपाळ पुसलं.

मला त्याचा राग आला. स्वतःचा ट्रक विसानं चाललेला ड्रायव्हरला कळू नये? तिसऱ्या गिअरात इंजिन नुसतं गुरगुरत होतं, चौथा टाकायची सोयच नव्हती. आणि आप्पा! झाडांवरनं वेग सांगणारा माणूस, तो मीटरकडं बघत गप्प! मध्येच त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, परत मीटरकडं बघितलं आणि खाकरले.

"आवाज येगळाच येतोय इंजिनाचा," ते म्हणाले.

"नवीन बांधलंय न्हवं, मामा."

"तरीच."

पुढं मेंढरांचा कळप लागला. मेंढरं मागं पडली ते बरं झालं, पण धनगराचं कुत्रं काही मागं पडेना. ट्रकच्या शेजारनं ते दुडक्या चालीनं येत राहिलं, मध्येच थांबून एका दगडावर पाय वर करून आलं आणि तरी आम्हाला गाठलं.

"ही जातच लई पळणारी," आप्पा म्हणाले. "चाळीसनं पळतंय बघ!"

कुत्रं जीभ बाहेर न काढता आमच्याकडं बघत होतं. मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं. पदर काढला तर रडू यायचं, अशी माझी गत.

मोगराळ्याच्या घाटाच्या उतारावर मागनं सायकलची घंटी वाजली. सायकलवर इलाहीचाचा. कॅरिअरला केबलची रिकामी पिशवी, फलटणला माल आणायला चाललेले. सायकल आमच्या बरोबरीला आली तसं त्यांनी केबिनमध्ये बघितलं. आधी सर्जेरावाकडं, मग माझ्याकडं, मग आप्पांकडं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांचीच कीव आली. त्यांनी मुकाट्यानं सलाम केला. मी पटकन खाली, दुधाकडं बघितलं. मान वर केली तर सर्जेराव उगाच आरसा नीट करत होता आणि आप्पा डोंगर बघत होते. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही.

"म्हातारं असून मांडीत जोर हाय इलाहीच्या," चाचा वळणाआड गेल्यावर आप्पा म्हणाले.

"लई जोर," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

फलटणला पोचेपर्यंत ऊन पार डोक्यावरून कललं. घरी जेवायला पोचायचं, तिथं आम्ही चौकात चहा पीत होतो. आप्पांनी तांब्यात डोकावून बघितलं. थेंब हललेला नव्हता. उलट वर जाड साय धरली होती. आईनं दूध चांगलं उकळून भरलं होतं आणि खाली इंजिनाची धग.

"साय धरली," आप्पा म्हणाले. "एवढी थिर गाडी कुणी चालवली न्हवती आजवर." पण त्यात आनंद नव्हता. घड्याळात बघून ते म्हणाले, "चला. पाव्हणं यायचं हायती."

परतीच्या घाटात तेच पाव्हणे मागनं आले. आम्हाला कुठं ठाऊक ते कोण! जीप आली आणि हॉर्नवर हात ठेवूनच आली. रस्ता अरुंद, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला दरी. सर्जेराव शक्य तेवढा कडेला घेत होता. जीपवाल्याला दम निघेना. त्यानं आंधळ्या वळणावर जीप बाहेर काढली आणि बरोबरीला आल्यावर आतनं एका मिशाळ माणसानं मुंडकं बाहेर काढलं.

"गाडी चालवतुयास का देवळाला परदक्षिणा घालतुयास रं? बैल जुप, बैल!"

समोरनं एसटी आली. सर्जेरावानं करकचून ब्रेक मारला, जीपला पुढं घुसायला जागा दिली आणि सगळे वाचले. तांब्या पुढं सरकला. मी दोन्ही हातांनी धरला. सायीला बारीक सुरकुती पडली, दूध सांडलं नाही.

"ह्या मानसाच्या गाडीत मी माझं कुत्रं बी बसवणार न्हाई," ते म्हणाले.

आम्ही वाडीत शिरलो तेव्हा तीच जीप आमच्या अंगणात उभी होती. तांबूस ऊन आलेलं. ओट्यावर तो मिशाळ माणूस पोहे खात होता, शेजारी मनगटावर मोठं घड्याळ बांधलेला त्याचा भाचा, टाईमकीपर. कोपऱ्यातल्या दगडावर इलाहीचाचा गुडघ्यात मान घालून बसलेले. सायकल बसच्या टपावर टाकून ते कधीच परत आले होते. आणि मिशाळ मामा आईला सांगत होता, "अवो, घाटात एक येडं भेटलं. ट्रक असा चालवत हुतं जणू खाली अंडी आंथरलीती. शेजारी म्हातारं बसलेलं, दुधाचा तांब्या घिऊन!"

तेवढ्यात आप्पा तांब्या घेऊन ट्रकमधून उतरले.

चमचा मामाच्या तोंडातच राहिला.

"त्यो म्हातारा मीच," आप्पा म्हणाले. "वळणावर, पुढचं दिसत नसताना तुमी गाडी काढली. मी चाळीसनं चाललो हुतो."

"चाळीसनं?" टाईमकीपर पहिल्यांदाच बोलला. त्यानं घड्याळ बघितलं. "अहो, तुम्हाला घाटात मागं टाकून आम्ही इथं आलो, हातपाय धुतले, दोनदा पोहे झाले. त्यावरून तुमचा वेग काढला तर..."

"काढू नको," आप्पा म्हणाले. "पोरगी द्यायची न्हाई मला."

"आम्हाला बघायची बी न्हाई!" मामा कडाडला. जीप सुरू झाली आणि अंगणातली कोंबडी उडवत निघून गेली.

मी आत दाराआड उभी राहिले. आप्पांनी तांब्या ओट्यावर ठेवला, पाय धुतले, सर्जेरावासमोर आले.

"पाव्हणं, काटा चाळीसच्या वर गेला न्हाई. दूध सांडलं न्हाई. माझा शबूद म्हंजी..."

"मामा, थांबा," सर्जेराव म्हणाला. "मीटर खोटा हाय."

मेल्या, गप बस की! मी दाराआड कपाळावर हात मारून घेतला. अरे, शब्द बाहेर येत होता, येऊ द्यायचा की!

"टायर मोठं टाकलं, तसा मीटर कमी दाखवाय लागला," तो खाली मान घालून सांगत होता. "म्हणून इलाहीभाईकडनं मी तो वाढवून घेतला. शप्पत घातली, कुणाला सांगू नगा म्हणून. पर जादाच वाढला वाटतं. आज दिसभर आपण इसानं चाललोय."

आप्पा ओट्यावर टेकले.

"म्हंजी कमी दाखवत हुता, त्यो तुमी वाढवून घेतला?"

"व्हय."

"तसाच ठिवला असता तर चाळीस दाखवून पन्नासनं जाता आलं असतं. दुसऱ्या कुणाला कळलं बी नसतं."

"मला कळत हुतं की, मामा."

आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. "उभ्या जल्मात मीटर मागं फिरवणारं ड्रायव्हर बघितलं," ते म्हणाले. "पुढं फिरवून घेणारा ह्योच पयला."

कोपऱ्यातल्या दगडावरनं इलाहीचाचा ताडकन उठले आणि दोन्ही हात जोडून अंगणात मधोमध आले.

"आता मला सोडा," ते म्हणाले. "सगळ्यांनी एकदम सोडा. एकेकाची शप्पत काढून भागायचं न्हाई. चार रात्री डोळ्याला डोळा न्हाई माझ्या!"

"सगळ्यांनी म्हंजी?" सर्जेरावानं विचारलं.

मी दाराआडनं बाहेर आले. लाज कसली धरायची? "मीसुद्धा," मी म्हणाले. "मीसुद्धा वाढवून घेतला चाचांकडनं. टायरचं मला ठाऊक होतं. सोडलं, चाचा. माझी शपथ सुटली."

सर्जेराव आ वासून माझ्याकडं बघत राहिला. आप्पांनी खाकरून घसा साफ केला. मग परत एकदा साफ केला.

"माझी बी सुटली," ते म्हणाले.

"आप्पा!"

"वरडतीस काय! टायर मला दिसत न्हाईत व्हय? गाडी गिरणीवर उभी हुती तवाच दिसलं. मीटर चाळीस दावतोय आन् मी पन्नास म्हणतोय, तर पोराला वाटायचं, सासरा मुद्दाम घोळ घालतोय, म्हणून गुपचूप इलाहीकडं गेलो. परीक्षा घ्यायची तर पाटी-पेन्शील तरी धड पायजे का नगं?" मग त्यांनी मान दुसरीकडं वळवली. "आन् पोरगं मला पसंत हुतं. नापास झालेलं मला बघवलं नसतं."

"अन् दिसभर तुम्ही गप्प बसलात? कुत्रं चाळीसनं पळतंय म्हणालात!"

"मग काय सांगू? मीच जादा सैल करायला लावलं आसं वाटलं मला!"

"मलाबी तसंच वाटलं," सर्जेराव म्हणाला.

मी चाचांकडं वळले. "आणि तुम्ही, चाचा? एकदा केलेलं काम परत परत कशाला केलंत? नुसतं केल्यासारखं करायचं!"

"आसं कसं?" चाचा दुखावले. "काम घेतलं की केलंच पायजे. खोटं काम इलाही करत न्हाई. आन् एकाची शप्पत मोडून दुसऱ्याला सांगू कसं? तिघं आला..." ते थांबले आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं अगदी केविलवाणं बघितलं. "वैनी?"

आतून भांड्याचा आवाज थांबला.

"माझी बी सुटली म्हणा," आई आतूनच म्हणाली.

आप्पा उभेच राहिले. "तू? तुला टायरचं काय कळतंय?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "मला टायर बी कळत न्हाई आन् मीटर बी कळत न्हाई. मी इलाहीभावजीस्नी म्हटलं, काटा ह्यांच्या चाळीसवर असू द्या, पर गाडी बैलगाडीवानी चालू द्या. उभा जल्म एक मानूस गाडीवर गेलं, की मी ह्या उंबऱ्यात बसून हाय. तुमचा चाळीस तुमाला कमी वाटत आसंल. मला कधी वाटला न्हाई. आन् आज तर सगळीच एका गाडीत! उशीर झाला तर झाला."

आप्पा तिच्याकडं असे बघत होते, की मला तिथनं निघून जावंसं वाटलं.

"आणा तो तांब्या इकडं," आई म्हणाली. "साय तरी काढून घेते."

आप्पांनी स्वतः तो तांब्या उचलला आणि तिच्याकडं निघाले. दोन पावलं चालले असतील. तेवढ्यात हात हलला आणि चांगलं ओंजळभर दूध ओट्यावर सांडलं. सर्जेरावाचं तोंड पांढरं पडलं.

"बघता काय, पाव्हणं?" आप्पा म्हणाले. "माझ्या हातनं सांडलं. तुमच्या न्हाई. तुमच्या मामास्नी सांगा, तारीख काढा."

त्यानंतर मी ह्यांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं. आज ही गोष्ट सांगताना मात्र जिभेला हाड राहिलं नाही. आत बसून ऐकतायत ते, ऐकू देत.

लग्न वैशाखात झालं. वरातीला आप्पांनी दुसऱ्या कुणा ड्रायव्हरच्या हातात ट्रक द्यायला साफ नकार दिला. म्हणून मुंडावळ्या बांधलेला नवरदेव स्वतः स्टेरिंगवर, मी शालू नेसून शेजारी आणि खिडकीशी आप्पा. या खेपेला आईसुद्धा होती. आप्पांनीच हात धरून तिला वर घेतलं. पुढं बँड वाजत होता, वाडीतली पोरं नाचत होती आणि ट्रक मुंगीच्या पावलांनी सरकत होता. मीटर कुणी दुरुस्त केला नव्हता. स्प्रिंग आवळायला सांगितली तर चाचा विचारायचे, आधी कुणाच्या वाटणीची आवळू? आणि चौघांतलं कुणी आपलं नाव पुढं करत नव्हतं.

मारुतीच्या देवळापाशी बँडवाल्यांनी ठेका वाढवला, पोरं जरा पुढं सरकली, ह्यांनी ट्रक दोन हात पुढं घेतला. आप्पा ह्यांच्या खांद्यावरनं मीटरकडं वाकले आणि ओरडले, "दहा! अवो जावईबापू, दहावर गेला काटा! जरा दमानं, वरात हाय!"

आणि आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बरोबर बोलत्यात ते."